‘प्रकृतिजन्य’ कशावरून, तेही लिहा

फौजेच्या भरतीत मुलांची तपासणी किती कसून होते, हे सातारा-कोल्हापूरकडच्या गावांना सांगायला नको. सपाट तळपायापासून कानातल्या मळापर्यंत सगळे पाहिले जाते. असा पारखून घेतलेला मुलगा आठ-दहा वर्षांनी आजारामुळे नोकरीबाहेर पडतो, तेव्हा वैद्यकीय मंडळाच्या कागदावर एक ओळ उमटते: आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही, तो प्रकृतिजन्य आहे. या एका ओळीवर अपंगत्व पेन्शनचा अर्ज फेटाळला जातो. डॉक्टरांनीच लिहिले म्हटल्यावर घरचे लोकही तो विषय संपला असे समजतात.

तो संपलेला नसतो. सिग्नल्स कोअरमधला एक जवान १९८५ मध्ये भरती झाला आणि १९९४ मध्ये फिट येण्याच्या आजारामुळे त्याला सेवेतून काढण्यात आले. अपंगत्व २० टक्के ठरले, पण पेन्शन नाकारली. कारण तेच, प्रकृतिजन्य. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी पेन्शन दिली, खंडपीठाने ती काढून घेतली. अखेर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. ‘धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार’ या नावाने हा निकाल आज माजी सैनिकांच्या तोंडी असतो.

न्यायालयाने नवे काही शोधून काढले नाही, १९८२ ची नियमावलीच नीट वाचली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस धडधाकट होता असे धरायचे. पुढे तो आजारी होऊन बाहेर पडला, तर बिघाड सेवेमुळे झाला असे धरायचे. शंकेचा फायदा सैनिकाला. आजार भरतीच्या तपासणीत दिसणे शक्यच नव्हते, असे मंडळाला म्हणायचे असेल, तर त्याची कारणे लिहायची. मंडळाच्या कागदावर नेमकी ती कारणेच नव्हती.

कायद्याची बाजू बाजूला ठेवली, तरी वैद्यकीयदृष्ट्याही ही ओळ लंगडी आहे. ऐन पंचविशीत पहिली फिट आली, तर आपल्याकडे डॉक्टर आधी मेंदूतील जंताची गाठ किंवा क्षयाची गाठ शोधतात, डोक्याला पूर्वी मार लागला होता का हे विचारतात. जागरणाने फिट उफाळते, आणि पहाऱ्यावरच्या माणसाला जागरण चुकत नाही. हे सगळे तपासून, नाकारून, मग ‘प्रकृतिजन्य’ म्हटले तर ते मत झाले. नाहीतर तो नुसता रबरी शिक्का!

त्याच वर्षी आलेले दुसरे प्रकरण मनोविकाराचे होते. १९७७ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या निदानावरून घरी पाठवलेल्या जवानाची मूळ मनोविकार नोंद न्यायालयाने स्वतः वाचली, वैद्यकाची पुस्तके उघडून निदानाशी ताडून पाहिली, आणि साडेतीन दशकांनंतर पुनर्विलोकन मंडळाने नव्याने तपासावे असा आदेश दिला. तज्ज्ञांच्या मताचा मान राखायचा, पण ते प्रश्नांच्या पलीकडचे नाही, हा त्याचा अर्थ.

अर्थात प्रत्येक आजार नोकरीनेच होतो असे नव्हे. २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचे मत कायम ठेवले. त्यामुळे ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढे म्हणून भागत नाही. चूक कागदावर बोट ठेवून दाखवावी लागते: भरतीच्या नोंदीत काय होते, आजार कुठे आणि कोणत्या कामावर असताना सुरू झाला, मंडळाने कारण दिले का, आणि दिले असेल तर ते रुग्णालयाच्या नोंदींशी जुळते का.

नकारानंतर सहा महिन्यांत पहिले अपील, मग दुसरे, आणि नंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. उशीर झाला म्हणून दार कायमचे बंद होत नाही. पेन्शन दरमहा बुडते, म्हणून अन्यायही दरमहा नवा, असे न्यायालयांनी मानले आहे. मात्र २००८ च्या एका निकालानंतर थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवी नियमावली लागू झाली आहे, तेव्हा आपले प्रकरण कोणत्या नियमांखाली येते, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

आणि मंडळाच्या संपूर्ण कार्यवाहीची प्रत आजच मागावी, गरज पडल्यास माहिती अधिकाराखाली. पेन्शन नसलेल्यांचे सेवाकागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात.