तेवढी पट्टी राहू दे

गाजर गवताला आमच्याकडे अजूनही काँग्रेसच म्हणतात. सरकारं आली नि गेली, गवताचं नाव काही बदललं नाही. ऐन निवडणुकीत माझ्या चुलतसासूबाई, आमच्या नानी, बांधावरून ओरडल्या, "आज सगळी काँग्रेस उपटून काढायची गं!" तेव्हा रस्त्यानं चाललेली प्रचाराची जीप थांबली होती.

नानींचा सगळा जन्म भांगलणीत गेला. त्यांची पात पुढं सरकली की मागं हिरवी काडी दिसत नाही, अशी त्यांची ख्याती. या कसबाची किंमत त्यांच्या कातडीनं मोजली. काँग्रेस फुलावर आली की नानींच्या पापण्या सुजतात. मानेची आणि कोपराच्या आतली कातडी काळी, खरबरीत होते, रात्रभर खाजते. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, हातमोजे घालून उपटा. ज्यानं लिहिलं त्यानं मोजे घालून एकदा खुरपं धरून बघावं. बायका आपला नवऱ्याचा जुना फुल शर्ट लुगड्यावर चढवतात, तोंडाला टॉवेल गुंडाळतात आणि पातीला लागतात.

हे गवत अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं, असं आपण सगळेच सांगतो. तो गहू आणणारा पीएल-480चा करार झाला 1956 साली. वनस्पतीशास्त्रज्ञांना पुण्यात हे झाड दिसलं 1955 साली. अर्थात परदेशी गहू त्याआधीही येत होता, त्यामुळे गव्हाला साफ सोडताही येत नाही. आलं कसंही असो, एकेक झाड हजारोंनी बी टाकतं आणि गुरं त्याला तोंड लावत नाहीत. चुकून खाल्लंच तर दूध कडू.

त्याला खाणारं कुणीतरी त्याच्या माहेराहूनच आणावं लागलं. 1983 साली मेक्सिकोतून एक भुंगा बेंगळुरूला आणला, तपासून बघितला आणि 1984 साली सोडला. आपल्याकडं तो मेक्सिकन भुंगा म्हणूनच ओळखला जातो. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, फिकट पिवळसर, पाठीवर तपकिरी वेड्यावाकड्या रेघा. मोठा भुंगाही पानं खातो, अळीही खाते. पुढं 1990च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला आणि गहजब झाला. सरकारला समिती नेमावी लागली. अभ्यासकांना आढळलं ते असं, की गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते आणि भुंगा त्यांच्या ओढीनं पानं कुरतडत होता. सूर्यफुलावर त्याचा संसार काही चालत नाही.

यातलं काहीच नानींना ठाऊक नव्हतं. त्यांना दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात ओढ्याकाठची काँग्रेस चाळणीसारखी झालेली दिसली, एवढंच. "कुणी खाल्लं गं हे?" म्हणून त्या खाली बसल्या आणि पानामागची अंडी, अळ्या, भुंगे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रिकाम्या बाटलीला दाभणानं भोकं पाडली, रस्त्याकडेचे भुंगे वेचून तीत भरले आणि आमच्या बांधावर आणून सोडले. सोडायचे तर एका जागी 500 ते 1000 सोडावेत असं शास्त्र सांगतं. नानींच्या बाटलीत असतील दीडएकशे.

आठवड्याच्या आत माझ्या दिरांनी त्याच बांधावर तणनाशक मारलं. त्यांचंही चुकलं नाही. बांध स्वच्छ ठेवायचा असतो हेच आम्ही शिकलो. पण गवत करपलं तसं भुंग्यांचं जेवणही गेलं. शेत दिरांच्या नावावर, पंप दिरांच्या पाठीवर. नानींना विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. देशभरात ज्यांच्या नावे शेती चालते अशांत बाया जेमतेम 14 टक्के आहेत. आमच्या घरात तर तेवढ्याही नाहीत. गवताकडं रोज दोन वितीवरून बघणारी बाई आणि फवारायचं कधी ते ठरवणारा माणूस, हे दोघं आमच्याकडं तरी कधी एका ठिकाणी बसलेले नाहीत.

भुंगा जादू करत नाही, हेही खरं. पहिल्या पावसाबरोबर काँग्रेस उगवते, पण भुंग्यांची फौज वाढायला श्रावण उजाडतो. तोवर आधी उगवलेली झाडं फुलून बी टाकून मोकळी झालेली असतात. म्हणून उगवण हातानंच काढावी लागते, फूल यायच्या आत. आणि पावसाळा सरला की भुंगा जमिनीत शिरून झोपतो तो थेट पुढच्या पावसापर्यंत. नांगर फिरला की त्याची झोप आणि जीव दोन्ही जातात. तेव्हा त्याला टिकवायचं तर एखादा तुकडा न नांगरलेला, न फवारलेला ठेवावा लागतो, आणि त्यावर थोडी काँग्रेसही.

ज्या बाईनं जन्मभर काडी मागं ठेवली नाही, तिनं मुद्दाम तण राखायचं! नानींना हे पटवून घ्यायला एक अख्खा हिवाळा लागला. शेजारणी हसल्या. "नानी थकल्या आता," असंही कुणी म्हणालं. त्यांनी शेताच्या बाजूनं टाकळ्याचं बी फेकलं, तो उगवून काँग्रेसची जागा अडवतो म्हणून, आणि कोवळा असताना भाजीलाही होतो म्हणून. ओढ्याच्या अंगाची पाच-सहा पावलांची पट्टी मात्र तशीच ठेवली.

यंदा वैशाखात ट्रॅक्टर आला तेव्हा नानी त्या पट्टीच्या तोंडाशी उभ्या होत्या. दीर म्हणाले, "नानी, बाजूला व्हा."

"तेवढी पट्टी राहू दे, बाबा."

ट्रॅक्टर वळला. पटलं म्हणून नव्हे; भाडं तासावर होतं आणि वाद घालायला वेळ नव्हता.

नंतर नानींनी मला हाक मारली. खुरप्याच्या टोकानं त्यांनी चार बोटं माती उकरली, मग आणखी थोडी. दोनदा काहीच निघालं नाही. तिसऱ्यांदा ढेकळात एक भुंगा दिसला, पाय पोटाशी घेऊन पडलेला. मला वाटलं मेलेला आहे. नानींनी तो तळहातावर घेतला, फुंकर घातली, पाय हलले. मग पुन्हा खड्ड्यात ठेवून वर माती लोटली आणि खुरप्याच्या पाठीनं हलकेच थापटली.

"पाऊस कधी म्हणतायत गं यंदा?" त्यांनी विचारलं.