माणसाळलेला आणि पाळीव

फोनच्या पडद्यावर हल्ली एक प्राणी फार लाडका झाला आहे. मांजराहून मोठा, करड्या केसांचा, डोळ्यांभोवती काळा पट्टा, शेपटीवर वळी. हा उत्तर अमेरिकेतला रॅकून. द्राक्षाचा मणी पाण्यात धुऊन तोंडात टाकणारे ते ध्यान पाहून आमच्या स्नेह्यांपैकी सुशिक्षित गृहस्थही ‘असा एक घरी असावा’ असे म्हणू लागले आहेत. प्रेम दिले की कोणतेही जनावर घरचे होते, हा त्यांचा सिद्धान्त. आम्हांला तो साफ अमान्य आहे.

मराठी भाषेने या वादाचा निवाडा केव्हाच करून ठेवला आहे. ‘माणसाळलेला’ आणि ‘पाळीव’ हे आपल्याकडे दोन निरनिराळे शब्द आहेत. माणसाळते ते एखादे पिल्लू. पाळीव होते ती जात, आणि तिला हजारो वर्षे लागतात. कुत्रा त्या वाटेने आला. रॅकून आलेला नाही. त्याचे पिल्लू मांडीवर खेळते खरे. पण वयात आले की ते चावते, कपाटे उघडते, रात्रभर घर जागवते. त्याच्या विष्ठेतून एका जंताची अंडी पसरतात, आणि ती पोटात गेल्यास अळ्या, क्वचित का होईना, माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतात. अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना १९२६ साली मेजवानीच्या ताटासाठी म्हणून एक रॅकून भेट आला. त्यांनी तो मारू दिला नाही. रिबेका असे नाव ठेवून, गळपट्टा घालून तिला व्हाइट हाउसमध्ये बाळगले. तिची अखेरची रवानगी प्राणिसंग्रहालयातच झाली!

पण आमचा मुख्य आक्षेप आहे तो त्या धुण्याविषयी. रानातला रॅकून अन्न धूत नाही. ओढ्याकाठी बसून, नजर भलतीकडे ठेवून, तो पाण्याखाली पंजांनी चाचपत खेकडे-बेडूक शोधतो. त्या पंजांची स्पर्शशक्ती विलक्षण असते आणि ओलाव्याने ती वाढते. कोंडलेल्या रॅकूनला ओढा नाही, खेकडाही नाही. म्हणून तो हातातला घास पाण्यात सोडतो आणि पुन्हा चाचपून ‘पकडतो’. अभ्यासकांनी या ‘धुण्या’चा लावलेला अर्थ हा असा आहे. आपण ज्याला गोड सवय म्हणून हसतो, ती कोठडीतल्या कैद्याची येरझार आहे.

प्रेमाचा दाखला हवाच असेल, तर जपानकडे पाहावे. स्टर्लिंग नॉर्थ यांचे ‘रास्कल’ हे पुस्तक १९६३ साली निघाले. १९१८ च्या सुमारास विस्कॉन्सिनमध्ये एका मुलाने पाळलेल्या रॅकूनची ती कथा. १९७७ साली जपानी दूरचित्रवाणीने तिची बावन्न भागांची चित्रमालिका दाखविली. मुलांनी हट्ट धरला, आईबापांनी तो पुरविला, व्यापाऱ्यांनी परदेशातून पिल्ले आणली. पिल्ले मोठी झाली, आवरेनाशी झाली, तेव्हा कित्येक रानात सोडण्यात आली. काही आपण होऊन निसटली. आज त्यांची संतती मक्याची आणि कलिंगडांची शेते उद्ध्वस्त करते. जुन्या लाकडी मंदिरांच्या खांबांवर तिच्या नखांचे ओरखडे आहेत. २००५ साली अंमलात आलेल्या कायद्याने हा प्राणी हौसेखातर आणण्यास व पाळण्यास मनाई झाली, आणि आता दरवर्षी हजारो रॅकून सापळ्यात धरून मारले जातात. मूळ कथेतला मुलगाही शेवटी आपला रॅकून होडीतून नेऊन रानात सोडतो. जपानी कुटुंबांनी तो शेवटही गिरविला म्हणायचा! मात्र विस्कॉन्सिनचे रान रॅकूनचे होते; जपानचे नव्हते.

रॅकून आपल्याकडे येतो कुठे, असे म्हणून वाचकांनी निश्चिंत होऊ नये. या प्राण्याची चित्रे पाहून जिथे गहिवर दाटतो, त्याच घरांच्या गॅलऱ्यांत पोपटाचे पिंजरे टांगलेले आम्ही पाहिले आहेत. राघू पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे, असे सांगावे, तर यजमान दुखावतात. म्हणतात, अहो, तो आमच्या हातून पेरू खातो, मिठू मिठू बोलतो. त्याला इथे काय कमी आहे?