पन्नास तासांतले पाच

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवावा, असं बजावलं. त्यानंतर एक तप सरलं. २००३ साली न्यायालयाने पुन्हा कान पिळल्यावर कुठे यंत्रणा हलली. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी एकच पायाभूत अभ्यासक्रम ठरवला आणि त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी. पेशाने शल्यचिकित्सक असलेल्या या माणसाने भारती विद्यापीठात पर्यावरण शिक्षणाची संस्था उभी केली.

अभ्यासक्रम ५० तासिकांचा होता आणि त्यातल्या ५ क्षेत्रभेटीसाठी राखलेल्या होत्या. जवळची नदी किंवा टेकडी पाहा, जवळची एखादी प्रदूषित जागा पाहा, आसपासची झाडं, किडे, पक्षी ओळखा, एखाद्या तळ्याची परिसंस्था समजून घ्या, एवढंच त्यात सांगितलं होतं. सगळ्या अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा भाग हाच. कित्येक महाविद्यालयांत मात्र या पाच तासांची बोळवण एका टंकलिखित प्रकल्प-वहीवर होते. वर्षानुवर्षं तीच वही हात बदलत फिरते.

हे नुकसान किती मोठं आहे, ते बंगळूरच्या मल्लेश्वरमकडे पाहिलं की कळतं. १८९८ च्या प्लेगनंतर भरत गेलेली ही जुनी वस्ती. चौकोनी आखणीचे रस्ते, एमईएससारखी महाविद्यालयं, शेजारी टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली भारतीय विज्ञान संस्था. पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या पुस्तकातल्या जवळजवळ सगळ्या संकल्पना इथे पायी फिरता येईल एवढ्या अंतरात भेटतात.

पाणलोट क्षेत्रापासून सुरुवात करता येईल. त्यासाठी इथल्या काडु मल्लेश्वर मंदिरापाशी जावं; या मंदिराचं नातं मराठी इतिहासाशी थेट आहे. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव या देवस्थानाला इनाम दिल्याची नोंद १६६९ च्या शिलालेखात आहे. मंदिरासमोर नंदीतीर्थ आहे. १९९७ साली खोदकाम सुरू असताना ते मातीखाली सापडलं. तिथे नंदीच्या मुखातून पाणी पिंडीवर पडतं आणि वृषभावती नदीचा एक उगम हाच, असं इथले लोक मानतात. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर, एका लांबट कण्यावर वसलं आहे. कण्याच्या पूर्वेचं पाणी दक्षिण पिनाकिनीकडे उतरतं, पश्चिमेचं अर्कावतीतून कावेरीला मिळतं. वर्गात पाणलोटाची व्याख्या लिहून घेणाऱ्या मुलीला हा कणा पायाखाली जाणवला, तर ती व्याख्या वेगळी पाठ करावी लागणार नाही.

त्याच पाण्याच्या मागे खाली जायला हवं. शहरातून वाहताना वृषभावती सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी पोटात घेत जाते आणि बिडदीजवळच्या ब्यारमंगल तलावात पोचेपर्यंत काळी, फेसाळ झालेली असते. १९४० च्या दशकात हा तलाव शेतीला पाणी मिळावं म्हणून बांधला गेला. पाणी बिघडलं तशी तिथल्या शेतकऱ्यांनी भाताऐवजी बेबी कॉर्न, तुती, वैरण अशी पिकं धरली. शहराचा मैला गावाच्या पिकात, चाऱ्यात, म्हणून दुधातही कसा उतरू शकतो, हे अन्नसाखळीच्या धड्यात इतक्या स्पष्टपणे कुठेच सापडणार नाही.

आणि शहर स्वतः पिण्याचं पाणी आणतं कुठून? आधी हेसरघट्टाच्या तलावातून १८९० च्या दशकात नळयोजना आली. ते पाणी मल्लेश्वरमच्याच ज्युएल फिल्टरमध्ये शुद्ध होत असे. ते पुरेना तेव्हा तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण झालं, आणि १९७४ पासून कावेरी. सुमारे १०० किलोमीटरवरच्या तोरेकाडनहळ्ळीहून, टप्प्याटप्प्याने जवळपास ५०० मीटर वर चढवून हे पाणी घराघरांत येतं. म्हणजे प्रत्येक बादलीमागे वीज जळते. ज्या ठिकाणी कावेरीतून पाणी उचललं जातं, त्याच्या खालच्या अंगाला संगम येथे अर्कावती शहराचं वापरलेलं पाणी कावेरीला परत देते. हे जलचक्र पुस्तकातल्या ढग-डोंगर-समुद्राच्या चित्रात बसत नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्या आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला ५,००० रुपये दंड लागला, तेव्हा इथल्या शाळकरी मुलांनाही ते समजलं.

झाडांचंही तसंच. मल्लेश्वरमच्या मोठ्या रस्त्यांपैकी एक संपिगे, म्हणजे चाफ्याच्या, नावाचा आणि दुसरा मार्गोसा, म्हणजे कडुनिंबाच्या. सावलीची किंमत किती, हे बंगळूरच्या रस्त्यांवर प्रत्यक्ष मोजलं गेलं आहे. हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुपारच्या वेळी झाडांखालची हवा उघड्या रस्त्यापेक्षा ५.६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड आढळली, आणि डांबराचा पृष्ठभाग २७.५ अंशांपर्यंत. मोजणीला लागतो तो तापमापक आणि एक दुपार. हा प्रयोग करायला कुठल्याही महाविद्यालयाला परदेशी यंत्र नको. २०११ मध्ये सँकी रस्ता रुंद करण्यासाठी झाडं तोडली गेली तेव्हा रहिवासी रस्त्यावर उतरले, २०२३ मध्ये उड्डाणपुलाच्या योजनेविरुद्ध पुन्हा उतरले. अशा वेळी हातात आपण स्वतः मोजलेले आकडे असणं आणि नुसती हळहळ असणं, यात फार अंतर आहे.

विज्ञान संस्थेच्या आवारात लोरिस नावाचा मोठ्या डोळ्यांचा निशाचर प्राणी राहतो. इथे त्याला काडुपाप म्हणतात. तो एका झाडावरून दुसऱ्यावर फांद्यांवरूनच जातो. मधली फांदी छाटली की त्याची वाट तुटते. अधिवासाचं विखंडन म्हणतात ते हेच.

याच आवारात १९८३ साली माधव गाडगीळांनी परिसरशास्त्र केंद्र उभं केलं. पुण्याच्या या शास्त्रज्ञाची काम करण्याची रीत विद्यार्थ्यांना सर्वांत आधी सांगायला हवी. १९७० च्या दशकात कर्नाटकातल्या कागद गिरण्यांना बांबू कमी पडू लागला. दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर टाकला जात होता. वनखातं दाटी कमी होऊन नवे कोंब चांगले वाढावेत म्हणून बांबूच्या बेटांच्या बुडाशी असलेलं काट्यांचं जाळं साफ करवत असे. कारवार भागातल्या गावकऱ्यांनी गाडगीळांना सांगितलं की हे काटेच कोवळे कोंब जनावरांच्या तोंडून वाचवतात, ते काढल्यावर बेट वाढणार कसं? गाडगीळांनी ते ऐकून सोडून दिलं नाही आणि तसंच खरंही मानलं नाही. बेटं मोजली, कोंब मोजले. गावकऱ्यांचं म्हणणं खरं निघालं.

ऐकणं, मग मोजणं, मग बोलणं. पहिल्या वर्षाच्या मुलांना एवढं जमलं तरी विषय शिकवल्याचं सार्थक झालं. यासाठी मल्लेश्वरमलाच जायला हवं असं नाही. पुण्यात आंबिल ओढा आहे, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर येऊन त्याने काय केलं ते सहकारनगर, अरण्येश्वरची माणसं सांगतील. कोल्हापुरात जयंती नाला पंचगंगेला मिळतो, नागपुरात नाग नदी शहराच्या मधून जाते. प्रत्येक गावाला आपला ओढा आहे, तो कुठे सुरू होतो आणि त्यात काय मिसळतं हे सांगणारी म्हातारी माणसंही आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणाला धरून आता अभ्यासक्रमांची फेरमांडणी सुरू आहे. हीच वेळ आहे क्षेत्रभेटीला निम्मे गुण देण्याची. शिक्षकाच्या वेळापत्रकात त्यासाठी अर्धा दिवस मोकळा सोडावा आणि मुलांनी जमवलेल्या नोंदी त्या त्या महापालिकेकडे, ग्रामपंचायतीकडे दरवर्षी लेखी जाव्यात. ओढ्याच्या पाण्याचा रंग, वास, तापमान, काठावरची झाडं आणि तिथे राहणाऱ्यांची साक्ष यांची नोंद दहा वर्षं एकाच जागी होत राहिली, तर ती त्या गावाची पहिली खरी पर्यावरण नोंदवही ठरेल.