बाटलीवरचं इंग्रजी



गावात इंग्रजी फार वाढलं, अशी ओरड आमच्या चाळीसगावकडे पारावर नेहमीच चालते. पोरं केक कापतात, आईला मम्मी म्हणतात. मला त्याचं एवढं वाईट वाटत नाही. केक कापला तरी आखाजीला लेकी माहेरी येतातच, झोके बांधले जातातच. ट्रॅक्टर, ड्रीप, स्टार्टर हेही इंग्रजीच. पण वस्तू हातात आली तसा शब्दही तोंडात बसला.

माझी तक्रार औषधाच्या बाटलीवरच्या इंग्रजीची आहे.

मागच्या हंगामात कपाशीवर मावा-तुडतुडे आले. वेगवेगळ्या नावांच्या दोन बाटल्या आणल्या आणि डबल काम होईल म्हणून एकाच पंपात टाकल्या. दुपारी सालदार बांधावर बसला. म्हणे, "दादा, डोकं गरगरी राह्यनं." मग उलट्या. दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी आधी विचारलं, औषध कोणतं मारलं? मी बाटलीवरचं मोठं नाव सांगितलं. ते म्हणाले, ते नको, आत काय होतं ते सांगा. मी दहावी पास माणूस, नुसता उभा राहिलो. गडी वाचला, दोन दिवसांनी घरी आला. पण ते उभं राहणं विसरत नाही.

घरी नातीला बाटल्या दाखवल्या. सहावीत आहे, इंग्रजी मिडियमला. तिने घडाघडा वाचलं. दोन्हीत एकच औषध, इमिडाक्लोप्रिड! म्हणजे एकच विष दुप्पट मारलं, पैसेही दोनदा गेले. मग तिने विचारलं, "आबा, जॅसिड म्हणजे काय?" तिला शेतात नेलं, पान उलटवून तिरपे पळणारे तुडतुडे दाखवले. माझा जन्म तुडतुड्यांशी भांडण्यात गेला, पण बाटलीवर त्यांना काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. तिला वाचता येत होतं, तिने तुडतुडा पाहिला नव्हता.

कायद्यात मराठीला जागा आहे. कीटकनाशक नियम 1971 प्रमाणे लेबल आणि माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या एक-दोन भाषांत छापायचं असतं. छापतातही, पण मुंगीएवढ्या अक्षरात. त्यात मात्रा हेक्टरी. समजा हेक्टरी 200 ग्राम, 500 लिटर पाण्यात. आपण मारतो पंपाने. लिटरला 0.4 ग्राम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 6 ग्राम. हा हिशोब बांधावर कोण करतो? झाकणानेच मोजतो सगळे.

2017 ला यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, मजूर दगावले. कारणं बरीच होती, औषधांची सरमिसळ हेही त्यातलं एक सांगितलं गेलं. माझ्या बांधावर तेच झालं असतं.

आता मी एवढं करतो. बाटलीवरचं मोठं नाव सोडून आतल्या औषधाचं नाव वहीत देवनागरीत लिहितो. त्रिकोण बघतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पंपाचा हिशोब नातीकडून करून घेतो. आणि काही झालंच तर बाटली सोबत दवाखान्यात न्यायची, हे गड्याला सांगून ठेवलंय.

कृषीवाल्या साहेबांना विनंती, शिफारस देताना पंपाला किती ते लिहा आणि किडीचं गावातलं नावही लिहा. पोरांच्या इंग्रजीवर रागवू नका मंडळी, त्यांना शेतात न्या. बाटली त्यांनी वाचावी, पान आपण उलटवावं.