तळ्यातले बीज आणि तळ्याचा जीव

तलावातील मासळी वाढवावयाची म्हणजे दरसाल मत्स्यबीजाच्या पिशव्या पाण्यात ओतावयाच्या, अशी एक सोयीस्कर समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. तामसीच्या मुलुखात, तेलंगणा शासनाने 2015 मध्ये 'मिशन काकतीय'खाली तलावांचा गाळ काढण्यास आरंभ केला व 2016 पासून फुकट बीज वाटले. हेतूविषयी शंका नाही. शंका आहे ती उपायाच्या पुरेपणाविषयी.

रोहू, कटला व मृगळ साचलेल्या पाण्यात वीण करीत नाहीत; त्यांना वाहते पाणी लागते. म्हणून बीज दरसाल बाहेरून आणावे लागते. मरळ, शिंगी, मागूर मात्र तळ्यातच वाढतात आणि तेथेच विणतात. पण त्यांस काठची पाणवनस्पती हवी. ती गेली की घर मोडले. मग पाहुण्यांनी घर भरून काय उपयोग?

पैनगंगेपलीकडे, भंडारा-गोंदियाकडे पाहावे. तेथील मालगुजारी तलाव 1951 मध्ये मालगुजारी संपून सरकारजमा झाले. पुढे बेशरम नावाच्या परदेशी झुडपाने त्यांचे काठ गिळले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ढिवर बांधवांना शिकविण्याऐवजी प्रथम त्यांच्यापाशी शिकावयाचे ठरविले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला आसरा देते, हे ढिवरांना ठाऊक होते. बेशरम उपटून, तळ नांगरून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम या ज्ञानातूनच उभे राहिले.

"मोठ्या माशाला बाजारात भाव येतो," असा आक्षेप येईल. तो खरा आहे, आणि रोहू हद्दपार करा असे कोणी म्हणतही नाही. परंतु ज्या वर्षी बीज मिळणार नाही त्या वर्षी गरीब मच्छीमाराने काय खावे? मी आजवर वाचलेल्या ठेक्यांच्या कागदांत रक्कम व मुदत ठळक आढळली. काठ जिवंत राखण्याचे कलम एकदाही आढळले नाही. ठेका घेणारा तळ्याचा उपभोग घेतो, पण विश्वस्त होत नाही. हा दोष माशाचा नव्हे, कराराचा आहे. ठेक्यात ते कलम घाला आणि त्याची राखण ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे द्या.

आता देवळाच्या मंडळींना एक प्रश्न. विष्णूचा पहिला अवतार मत्स्य. व्यासांची माता धीवराघरी वाढलेली. आपल्यापैकी पुष्कळांच्या ताटात मासळी असते. तरीही तळ्याचा विचार निघाला की आपण घाटाच्या पायऱ्यांपाशी थांबतो, आणि जाळे टाकणारा आपल्या सभेत बसत नाही. देवळाच्या तळीचा जीर्णोद्धार दगडांचा करावयाचा की पाण्याचा, हे ठरविताना त्याला आधी बोलवा. त्याचे ज्ञान फुकट वाटलेल्या बीजाहून अधिक टिकाऊ आहे.