धुराआडचा देव

तंदूर हा शब्द तुम्ही शेवटचा कुठे वाचलात? बहुधा एखाद्या ढाब्याच्या पाटीवर. या शब्दाचा एक फार जुना भाऊबंद हिब्रू भाषेत आहे, तन्नूर. अर्थ तोच, भाकरी भाजायची मातीची भट्टी. आणि हिब्रू धर्मग्रंथांतल्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात, देव एका माणसासमोर येतो तो धुमसणाऱ्या तन्नूरच्या रूपात.

त्या माणसाचं नाव अब्राम. हाच पुढे अब्राहाम झाला. वय झालेलं, पोटी मूल नाही. देव म्हणतो, तुझी संतती ताऱ्यांइतकी होईल, हा देश तिला मिळेल. अब्राम विचारतो, हे मी कशावरून समजू? तुम्हीआम्हीही हेच विचारलं असतं. त्याला उत्तर मिळत नाही, काम मिळतं. कालवड, शेळी आणि मेंढा आण. तो आणतो, प्रत्येकाचे दोन भाग करून समोरासमोर मांडतो आणि मांसावर झडप घालणारे पक्षी हाकलत बसतो. इतक्या मोठ्या कथेत ही पक्षी हाकलण्याची बारीकशी नोंद कुणी जपून ठेवली, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते, काळोखाची भीती दाटून येते. त्याचे वंशज ४०० वर्षं परक्या देशात गुलामीत काढतील, हेही तेव्हाच त्याला कळतं. मग अंधारात त्या तुकड्यांच्या मधून धुमसणारा तन्नूर आणि पेटती मशाल सरकत जाते.

त्या काळी करार करणारे कापलेल्या जनावराच्या भागांमधून चालत. शब्द मोडला तर माझी गत या जनावरासारखी होवो, असा त्याचा अर्थ. यिर्मयाच्या पुस्तकातही या रीतीचा उल्लेख आहे. इथे मात्र अब्राम चाललाच नाही. गेला तो धूर आणि जाळ. म्हणजे शपथ एकट्या देवानेच वाहिली.

पण म्हणून धूर शुभच, असं ठरवू नका. चारच अध्याय पुढे हाच अब्राहाम पहाटे उठून सदोमच्या दिशेने पाहतो, तर जमिनीतून भट्टीसारखा धूर निघतोय. त्या शहरासाठी त्याने देवाशी घासाघीस केली होती. ५० नीतिमान सापडले तर शहर वाचव, असं म्हणत म्हणत तो १० वर आला होता. आता तो नुसता बघतो. ग्रंथ त्याच्या तोंडी एक शब्दही घालत नाही. या धुराला हिब्रूत कितोर म्हटलंय, आणि उपासनेतल्या धुपाला केतोरेत. दोन्ही शब्द एकाच धातूचे! पुढे देव सीनाय पर्वतावर उतरतो, तेव्हाही डोंगरातून भट्टीसारखाच धूर निघतो.

मग हा धूर करतो तरी काय? माझ्या मते याचं उत्तर लेवीय पुस्तकाच्या १६व्या अध्यायात आहे. मोशेचा भाऊ अहरोन हा प्रमुख याजक. त्याचे दोन मुलगे देवापुढे नको तो अग्नी घेऊन गेले आणि जागीच मेले. त्यानंतर त्या बापालाच वर्षातून एकदा पडद्याच्या आत जायला सांगितलं जातं. जाताना निखाऱ्यांचं धुपाटणं आणि ओंजळभर बारीक कुटलेला धूप न्यायचा. धुराने कोशावरचं झाकण झाकलं जायला हवं. का, तर अहरोन मरू नये म्हणून. आपण समजतो धूर देवाला लपवतो. इथे तो आत गेलेल्या माणसाला वाचवतो.

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचं मंदिर जाळलं आणि तिथला धूप थांबला. योम किप्पूरच्या उपवासाच्या दिवशी याजक तेव्हा काय काय करत असे, ते आता सिनेगॉगमध्ये नुसतं वाचलं जातं. कोकणात पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले आपले मराठी बोलणारे बेने इस्रायलीही हा दिवस पाळतात. दिवसभर उपाशीपोटी ते ओंजळभर धुपाचं वर्णन ऐकायचं, आणि समोर धूर मात्र नाही.