हिरव्याचा जादा बिट

भोर तालुका भाताचा. श्रावणात वरवे बुद्रुकच्या बाजूला एकाच नजरेत पोपटीपासून काळपट हिरव्यापर्यंत कितीतरी छटा दिसतात. त्या फोटोतून पडद्यावर आणायच्या म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा रंग मोजक्या बिटांत कोंबायचा. ८ बिटांच्या जुन्या पडद्यावर एका वेळी जेमतेम २५६ रंग मिळत, तेही वेगळ्या रंगतक्त्यातून उचललेले. १६ बिटांत ६५,५३६ रंग मावतात, आणि इथली वाटणी फार देखणी आहे: लाल आणि निळ्याला पाच-पाच बिट, हिरव्याला मात्र सहा. माणसाच्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक हिरव्यात सर्वाधिक जाणवतो, म्हणून उरलेला बिट त्याला दिला. भातखाचरांना तो लाभतो. संध्याकाळच्या आभाळात मात्र पट्टे उमटतात. २४ बिटांत तिन्ही रंगांना आठ-आठ बिट मिळतात आणि रंग होतात १,६७,७७,२१६. ३२ बिटांत सहसा रंग तेवढेच राहतात. वरचे आठ बिट पारदर्शकतेसाठी असतात किंवा नुसते रिकामे. खरी फसगत क्रमात आहे. विंडोजच्या बिटमॅप फाइलमध्ये निळा आधी येतो आणि लाल शेवटी. तो क्रम लाल-आधी समजून वाचला, तर भात हिरवाच राहतो, पण बांधावरची तांबूस माती निळसर होते. हिरवा जागेवर असल्याने चूक पटकन ध्यानातही येत नाही. म्हणून चित्रांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलामुलींनी बिट किती एवढ्यावरच थांबू नये, कोणत्या बिटात कोणता रंग आहे हे आधी तपासावे, आणि चाचणीसाठी लाल मातीचा फोटो जरूर वापरावा.